साडूंचा अर्धा उजेड

साडू या नात्यात प्रेम असावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. दोन बहिणींनी दोन वेगळ्या माणसांशी लग्नं केली, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? सासऱ्यांकडे जेवायला बसलं की एकाने दुसऱ्याच्या ताटाकडे तिरका डोळा करायचा, पहिली पोळी कोणाला वाढली ते मनात ठेवायचं, निघताना "या की एकदा घरी" म्हणायचं आणि दोघांनीही जायचं नाही. एवढ्यावर हे नातं आयुष्यभर छान निभतं. पण आपले हे दोन साडू जगावेगळे. गेली पंचवीस-तीस वर्षं ते मिळून फोटो काढत होते. लग्नाबिग्नाचे नाहीत हो! मोठ्या भिंतीवर टांगायचे, आणि लोकांनी हनुवटीला हात लावून लांबून बघायचे, तसले. खाली दोघांचं मिळून एकच नाव असे, 'साडू-साडू'. परक्या देशातले लोक ते एका माणसाचं नाव समजत आणि पत्रात "प्रिय साडू" असं लिहीत.

धाकटे साडू पूर्वी पासपोर्ट फोटोंचं दुकान चालवत. थोरले इस्पितळात एक्स-रे काढत. धाकट्यांच्या पायाला जन्मापासून भिंगरी. जेवताना दोनदा उठतील, फोनवर बोलताना घरभर फिरतील, झोपेतसुद्धा पाय हलवतील. त्यांची बायको, जिला सगळे अजून छोटीच म्हणत, ती म्हणे, "यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी यांना पकडावं लागतं." थोरले नेमके उलटे. उभा जन्म लोकांना "हलू नका, श्वास रोखा" सांगण्यात गेल्यामुळे की काय, ते स्वतःच हलत नसत. खुर्चीत बसले की खुर्चीचाच भाग वाटत.

आता हे दोघे एकत्र आले कसे, तर एका घोटाळ्यामुळे. सासऱ्यांकडे एक जुना लाकडी कॅमेरा होता, तीन पायांवर उभा राहणारा, काळं कापड पांघरून आत बघायचा. त्यात एका वेळी फिल्मचा एकच मोठा तुकडा बसे. तो तुकडा एका चपट्या पेटीत, होल्डरमध्ये; होल्डरला एक काळी पट्टी. पट्टी ओढली की फिल्मवर उजेड पडणार, परत सारली की बंद. एका दुपारी जेवणं झाल्यावर थोरल्यांनी तो होल्डर घेऊन घराच्या जिन्याचा फोटो काढला आणि होल्डर टेबलावर ठेवून दिला. धाकट्यांना कुठे दम धरवतो? त्यांनी तोच होल्डर उचलला, कोरा समजून, आणि आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या सासूबाईंचा फोटो काढला. धुतल्यावर बघतात तर सासूबाई जिन्यावर झोपलेल्या, आणि एकेक पायरी त्यांच्या पोटातून आरपार गेलेली.

साडूंचं कडाक्याचं भांडण झालं. "विचारायचंत तरी!" "ठेवायचं होतं तरी नीट!" दोघी बहिणी हसून हसून जमिनीवर बसल्या. सासूबाईंनी फोटो हातात घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "मेल्यांनो, जिवंतपणी माझं भूत केलंत!" पण फोटो त्यांनी परत दिला नाही. स्वतःच्या खोलीत लावला. तिथे तो कोणा पाहुण्याने पाहिला, त्याने कोणाला सांगितलं, आणि वर्षभरात तो एका प्रदर्शनात होता.

मग त्या घोटाळ्याचीच रीत झाली. फिल्मचा तुकडा एक, फोटो दोन. पहिल्याने हवा त्याच्या निम्माच उजेड द्यायचा, होल्डरला लाल दोरा बांधायचा आणि दुसऱ्याच्या घरी पोचवायचा. दोरा म्हणजे, माझं झालं. मग दुसऱ्याने उरलेला निम्मा उजेड द्यायचा. कोणी काय काढलं ते कोणी सांगायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. फिल्म मात्र दोघांनी मिळून धुवायची, म्हणजे काय निघालं ते दोघांना एकदमच कळे. थोरले बहुतेक वस्तू काढत: जिने, कपाटं, मोऱ्या, बंद दुकानांची दारं. धाकट्यांना माणसांशिवाय करमत नसे. त्यामुळे त्यांच्या फोटोंत न्हावी कपाटात उभा असे, नर्सच्या डोक्यातून नळ वाहत असे आणि शाळेतली मुलं एका भल्यामोठ्या कुलपात खेळत असत. यावर लोकांनी काय काय लिहिलं! दोघे ते एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

हे सगळं मागचं झालं. आता या वर्षाचं ऐका.

शहरातल्या मोठ्या कलादालनाने साडूंच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. दालनाच्या बाई घरी आल्या, तीन खोल्यांचा नकाशा पसरला आणि मधल्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे मात्र नवीन फोटो हवा. फक्त एक." धाकटे तेव्हाच उठून फेऱ्या मारायला लागले. कारण त्या मापाची फिल्म बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि घरात तसला एकच तुकडा उरला होता. तो छोटीच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. "याच्यापायी माझी कोथिंबीर बाहेर सुकते," असं ती रोज ऐकवत असे.

फिल्मची काळजी होती, पण तिच्या आत दुसरी काळजी होती आणि ती धाकट्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. गेलं वर्षभर थोरल्यांचा निम्मा फोटो बिघडत चालला होता. आधी कडा गेल्या. मग जिना आहे की पडदा आहे ते कळेना. शेवटच्या दोन फोटोंत तर धाकट्यांच्या माणसांवर नुसतं करडं धुकं पसरलं होतं. दालनाच्या बाई त्यावर खूश. "हा तुमचा नवा टप्पा आहे," म्हणाल्या. थोरल्यांनी मान डोलावली. धाकट्यांनी चपला शोधायचं निमित्त काढून पळ काढला.

छोटी सरळ बोलणारी. ती एकदा ताईकडून, म्हणजे थोरल्यांच्या घरून, आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "भावोजींना दिसत नाही."

"काहीतरीच! वय झालंय. चष्म्याचा नंबर बदलला असेल."

"मी दारात उभी होते. मला म्हणाले, 'अगं, छोटी येणार होती ना, चहाला आधण ठेव.' मला! मी आत जाऊन निमूट आधण ठेवलं. काय करू?"

"ताईला माहीत आहे?"

"ताईला सगळं माहीत आहे. डॉक्टरही झाले. औषध नाही म्हणे त्याच्यावर. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी तिला."

धाकटे खिडकीपाशी गेले, तिथून दारापाशी, दारातून परत. "मला का सांगायचं नाही?"

"कारण तुम्ही असे फिरत बसाल," छोटी म्हणाली.

ते खरं होतं. पण फिरून फिरून त्यांच्या मनात एकच यायचं. थोरले थांबले तर आपलं काय? पासपोर्टचं दुकान विकलं, त्या पैशांनी डार्करूम केली. डोक्यावरचे केस गेले ते या उद्योगात. आणि एवढ्या वर्षांत धाकट्यांनी एकट्याने काढलेला एकही फोटो कोणी भिंतीवर लावला नव्हता. तसे काही काढून पाहिले होते त्यांनी, गुपचूप. चांगले होते. पण नुसते चांगले होते. माणूस उभा आहे, बस्स. पुढे काय? थोरल्यांचं कपाट नसलं की धाकट्यांचा न्हावी नुसताच न्हावी राहत होता.

ठरल्याप्रमाणे शेवटचा तुकडा होल्डरमध्ये घालून आधी थोरल्यांकडे गेला. थोरल्यांना एकेक फोटो काढायला महिना महिना लागे. या वेळी ताईने होल्डर दुसऱ्याच दिवशी आणून दिला. लाल दोरा बांधलेला.

"झालंसुद्धा?" धाकट्यांनी विचारलं.

"झालं म्हणाले," ताई म्हणाली. ती पाणीसुद्धा न पिता गेली.

धाकटे आठवडाभर तो होल्डर घेऊन गावभर भटकले. बाजारात गेले, बसच्या थांब्यावर उभे राहिले, एका लोहाराला तयार केलं आणि ऐन वेळी त्याला नको म्हणून आले. जिवाची नुसती घालमेल. आणि एका दुपारी, का ते त्यांचं त्यांनाच कळेना, ते कॅमेरा घेऊन थोरल्यांच्या गल्लीत शिरले. थोरल्यांच्या घरासमोर एका शिंप्याचं दुकान होतं, वर माळ्यावर त्याची शिलाई यंत्रं. शिंपी ओळखीचा होता.

"वर या," तो म्हणाला. "पण कोणाचा काढताय? समोर तर तुमचे साडूच बसलेत."

"त्यांचाच."

"मग तिकडे जाऊन काढा की! चहा तरी मिळेल."

थोरले रोजच्यासारखे खिडकीत बसले होते. हात मांडीवर, तोंड उजेडाकडे. गल्ली एवढीशी, की इकडून लिंबू फेकलं तर तिकडे झेलता यावं. धाकट्यांनी खिडकीत कॅमेरा मांडला आणि साडूंना आपण दिसलोच असणार, चोरी उघडी पडलीच, असं समजून सवयीने हात वर केला. मोठ्ठा हलवला. थोरले सरळ त्यांच्याकडे बघत होते. अगदी डोळ्यांत डोळे घालून. आणि त्यांचा चेहरा तसाच राहिला, रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसा.

धाकट्यांनी दोन्ही हात हलवले. मग ते हात हळूहळू खाली आले.  तीस वर्षं ज्या डोळ्यांबरोबर काम केलं, ते डोळे समोर होते आणि आपण त्यांना दिसत नव्हतो.

त्यांनी शिंप्याला यंत्रं थांबवायला सांगितली, कारण जमीन थरथरत होती. काळं कापड पांघरलं, काचेवर चित्र जुळवलं, पट्टी ओढली. आता निम्मा उजेड देऊन थांबायचं होतं. ते थांबले नाहीत. थोरल्यांचं असणार ते धुकंच, नसल्यासारखं. आपणही निम्माच दिला तर काहीच धड येणार नाही, शेवटचा तुकडा वाया जाईल, आणि मग मधली भिंत रिकामी, सगळं संपलं. त्यांनी पूर्ण उजेड दिला. पट्टी सारली.  तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी साडूंचा वाटा खाल्ला होता.

"झालं?" शिंप्याने विचारलं. "फार चांगले बसले हो ते. जरासुद्धा हलले नाहीत."

"त्यांना हलता येत नाही," धाकटे म्हणाले आणि जिना उतरताना त्यांना भडभडून आलं.

फिल्म धुवायला थोरले धाकट्यांकडे आले, ताईच्या दंडाला धरून. दारातून मात्र त्यांनी तिचा हात सोडला आणि भिंतीला बोटं लावत स्वतःच डार्करूममध्ये गेले. फिल्म धुताना अगदी काळोख लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. दिवा विझला आणि दोघे सारखे झाले. छे, सारखे कसले! धाकटे तिथे नुसते धडपडत. या कोपऱ्याला कोपर, त्या नळाला डोकं. थोरल्यांचे हात मात्र काळोखात अगदी घरच्यासारखे वावरत. हजारो एक्स-रे धुतलेले हात ते. ट्रे हलवल्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला.

"साडू, पाय हलवू नका," काळोखातून थोरले म्हणाले. "टेबल हलतंय."

दिवा लागला. धाकट्यांनी ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. एकच चित्र होतं. खुर्ची, खिडकीची चौकट आणि चौकटीत थोरले. स्वच्छ, ठसठशीत, बोटांची नखंसुद्धा दिसत होती. त्यांच्या अंगातून काहीही आरपार गेलेलं नव्हतं. थोरल्यांच्या निम्म्याचा मागमूस नव्हता. एवढंसं धुकंसुद्धा नव्हतं.

"कसं आलंय?" थोरल्यांनी विचारलं.

"ठसठशीत," धाकटे म्हणाले. 

"माझं?"

काय सांगणार? माणसाला तोंडावर सांगायचं, की तुमचं काही उमटलंच नाही? "आलंय ना! छानच आलंय."

"मला या कोपऱ्यात नीट दिसत नाही. जरा सांगा तरी."

धाकट्यांनी अंधारात दगड मारला. "जिना."

"हां. जिना. कठडा दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे काय! स्पष्ट."

"आणि पायऱ्या?"

"एकेक मोजून घ्या. वरच्या पायरीवर उजेड असा तिरका पडलाय, काय सांगू तुम्हाला! तुमच्या जुन्या कामातलं कोणी म्हणेल. उगाच लोक काहीबाही बोलतात." आता सुटले होते ते. "कडा कशा चाकूसारख्या आल्यात, साडू!"

 थोरल्यांनी टॉवेलला हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"साडू," ते म्हणाले, "मी पट्टी ओढलीच नव्हती."

धाकट्यांच्या हातून निगेटिव्ह सुटता सुटता वाचली.

"काहीच काढलं नाही मी. नुसता दोरा बांधला आणि पाठवून दिला. माझ्या निम्म्यापायी तुमचं निम्मं वाया जातं, कळत होतं मला. म्हटलं, शेवटचा तरी सगळा तुम्हाला असू दे. तुमचा निम्मा उजेड, फिकट आला असता, तो प्रिंट काढताना सांभाळून घेता आला असता." ते थांबले. मग मान किंचित वळवली. "पण तुम्ही तर ठसठशीत म्हणालात."

धाकट्यांनी निगेटिव्ह पाठीमागे लपवली.

"निम्म्या उजेडात ठसठशीत कसं आलं?"

पकडले गेले! दोघेही, एकाच फटक्यात. धाकट्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "पूर्ण दिला," ते पुटपुटले. "मला वाटलं, तुमचं नाहीच येणार."

"बरोबर वाटलं."

"बरोबर काय बरोबर! मी तुमच्या वाट्यावर डल्ला मारला, साडू!"

"आणि मी माझा वाटा टाकून दिला. फिट्टंफाट." थोरले हसले, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "चला, बरंच झालं. फोटो तुमचा आहे, खाली तुमचं एकट्याचं नाव घाला. मी आता थांबतो. कधीतरी थांबायचं होतंच."

आत बायका चहा करत होत्या. कपांचा आवाज एकदम बंद झाला, म्हणजे दोघी कान देऊन ऐकत होत्या. धाकट्यांनी ओली निगेटिव्ह पंख्यासमोर दोरीवर अडकवली आणि फिरायला सुरुवात केली. खोली केवढीशी, चार पावलांत भिंत. "असं कसं थांबता? ज्याला वाटेल त्याने उठावं आणि थांबावं? हा काय बसचा थांबा आहे?"

"मग काय करू? धुकं काढत राहू? लोक नवा टप्पा म्हणतात, म्हणून?"

"मला एकट्याला येत नाही हो!" धाकटे ओरडले. "मी काढतो तो नुसता फोटो असतो. पासपोर्टला लावा आणि विसरून जा. तुमचं काही मागे नसलं की माझी माणसं उघडी पडतात. कळतंय का तुम्हाला? मला भीती वाटते."

हे ते कधी बोलले नव्हते. थोरल्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "काय काढलंयत तरी तुम्ही? ते सांगितलंच नाहीत."

"तुम्ही."

"मी?"

"खिडकीत बसलेले. शिंप्याच्या माळ्यावरून काढला. मी हात केला होता तुम्हाला. दोन्ही हात."

थोरले आठवत राहिले. "काळं काहीतरी हलत होतं खरं समोर. मला वाटलं, शिंप्याने कापड वाळत घातलंय."

आतून छोटीला हुंदका आला की हसू, कळलं नाही. ताई तिला "गप गं" म्हणाली.

"एवढ्या वर्षांत," थोरले हळूच म्हणाले, "आपण एकमेकांना कधी काढलंच नाही, नाही का? सगळ्या गावाला काढलं." मग जरा वेळाने म्हणाले, "वाळली असेल. प्रिंट तरी काढा. आमच्या हिला बघू दे."

धाकट्यांनी लाल दिवा लावला. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली, म्हणजे वरून दिवा आणि खाली फळीवर चित्र मोठं होऊन पडलेलं. थोरले शेजारी स्टुलावर बसले. फोटोचा कागद अजून डब्यात होता. धाकटे चित्र जुळवत होते आणि तोंडाने चालूच होतं. दालनवाल्यांना काय सांगायचं, मधली भिंत गेली खड्ड्यात, प्रदर्शनच नको, उद्याच जाऊन तसं सांगून येतो. आणि बोलताना नेहमीप्रमाणे हात नाचत होते, एन्लार्जरच्या उजेडातून आरपार.

"हात काढा उजेडातून," थोरले म्हणाले. इस्पितळातली सवय ती.

मग तेच म्हणाले, "थांबा. तुम्हाला सांगितलं कोणी हात काढायला?"

"तुम्हीच!"

"परत ठेवा. असा. पंजा पसरून." ते स्टुलावरून पुढे वाकले, फळीच्या अगदी जवळ. "उजेड आणि सावली एवढं कळतं मला अजून. एवढं राहणार म्हणाले डॉक्टर, बरेच दिवस. हा पांढरा चौकोन, आणि ही तुमच्या हाताची सावली. कुठे पडलीय?"

"तुमच्या खांद्यावर. फोटोतल्या."

"तिथेच असू दे. कागद काढा."

धाकट्यांना आता कुठे उजाडलं. कागदालाही उजेडच लागतो. निम्मा वेळ त्यावर हात ठेवायचा, निम्मा वेळ उचलायचा. मग हात पुरता पांढरा पडणार नाही, आरपार दिसेल. जिन्यावरच्या सासूबाईंसारखा.

"पण हा निम्मा तुमचा कसा होईल? हात तर माझाच," ते म्हणाले.

"हात तुमचा, पण काढणारा मी. तुम्ही मला काढलंत, मी तुम्हाला काढतो. दिवा मी लावणार, मी बंद करणार, केव्हा उचलायचा ते मी सांगणार. आणि फिल्म संपली म्हणून रडत होतात ना? कागद अजून सगळे बनवतात." थोरल्यांचा आवाज एकदम इस्पितळातला झाला, ज्या आवाजाला लोक घाबरत आणि ज्याच्यावर विसंबत. त्यांनी चाचपडून धाकट्यांचं मनगट धरलं, कागदावर टेकवलं आणि एन्लार्जरच्या बटणावर दुसरा हात ठेवला. "तयार? हलू नका."

"मला नाही जमायचं, साडू."

"जमेल. श्वास रोखा."

दिवा लागला. धाकट्यांनी श्वास रोखला. पायांना सुटायचं होतं, मानेला वळायचं होतं, नाकाला खाज सुटली, डोक्यात माशा घोंगावल्या. पण मनगटावर थोरल्यांची बोटं होती, हलकी, दाब नसलेली, आणि त्या बोटांखालून हात ओढून घेणं त्यांना शक्यच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते एका जागी होते आणि तिथेच असावंसं त्यांना वाटत होतं.

"उचला," थोरले म्हणाले. मग बराच वेळ शांतता. मग दिवा बंद. "सोडा श्वास."

कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधाच्या, ट्रेमध्ये गेला. थोरल्यांनीच ट्रे धरला, चुबुक चुबुक. धाकटे त्यावर ओणवले.

"सांगा," थोरले म्हणाले. "आणि या वेळी जिना नको."

"आधी खिडकीची चौकट येतेय. आता खुर्ची. आता तुम्ही. बनियनची बाही दुमडलेली आहे."

"आमची ही ओरडेल. पुढे?"

"तुमच्या खांद्यावर हात येतोय. फिकट. त्याच्यातून तुमचा शर्ट... नाही, बनियनच, दिसतंय. बोटं आली. पाच."

"हलला का?"

धाकट्यांच्या तोंडावर "नाही" आलं होतं. अगदी ओठांवर होतं. त्यांनी डोळे पुसले आणि आणखी खाली वाकून नीट बघितलं.

"करंगळी," ते म्हणाले. "करंगळी हललीय, साडू. तिच्या जागी नुसतं धुकं आहे."

थोरल्यांनी ट्रे खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, या वेळी डोळ्यांसकट.

"मग हात तुमचाच," ते म्हणाले.